नळीखालचं नाव

मेइजी शक ११, ऑक्टोबर ३

मी, क्योतोचा जडावकार इसाबुरो, वय शेहेचाळीस, संपूर्ण शुद्धीत आणि जड अंतःकरणाने नोंदवून ठेवतो की आज माझ्यावर घोर अन्याय झाला. नागाहामाच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरताना माझ्या उजव्या खडावेचा पट्टा तुटला. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की एक वेळ तुम्ही जाल, पण पट्टा जायचा नाही. सरोवर शांत, ऊन कोवळं, आणि प्रेक्षकांत चार हमाल, दोन कोळणी आणि तलवार गमावलेला एक म्हातारा सामुराई. तिथून कुनितोमोपर्यंत मी एका पायाने सभ्य आणि दुसऱ्या पायाने भिकारी असा चाललो. इतिहास याची दखल घेणार नाही. निदान या वहीने घ्यावी.

बाकी दिवस झकास गेला. ज्या घरी उतरलो ते जिंपाची नावाच्या म्हाताऱ्याचं. तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या ठोकणारा या गावातला शेवटचा लोहार. घरात तो आणि त्याची विधवा सून ओशिना, एवढीच माणसं. पागोळीखाली मुळे वाळत घातलेत, घरभर आंबवलेल्या माशांचा वास आहे, आणि तो वास दुसऱ्या घासाला आवडू लागतो हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ओशिनाने माझ्या पायांकडे बघून अगदी गंभीरपणे विचारलं, की क्योतोत हल्ली एकाच पायात घालायची पद्धत आलीय का. मग आत जाऊन एक जोडी घेऊन आली. हलक्या लाकडाच्या, मला दोन बोटं मोठ्या. तिच्या नवऱ्याच्या. तोमेजी त्याचं नाव, जाऊन तीन वर्षं झाली. पट्टे झिजलेत पण चालतील म्हणाली. जाताना नवे घालून परत करा म्हणजे झालं. मी शब्द दिला. आल्या दिवशीच या घराचं देणं लागलो.

ऑक्टोबर ५

कामाला हात घातला. काम असं. दोन वर्षांपूर्वी सरकारने तलवारी बंद केल्या, आणि तलवारींच्या मुठींवर चांदीची पाखरं बसवण्यात ज्याचा जन्म गेला त्या मला एका सकाळीत निरुपयोगी करून टाकलं. आता कोबे बंदरातला शिबाझाकी नावाचा दलाल गावोगावच्या जुन्या बंदुका उचलतो. शेतकऱ्याने जन्मभर रानडुकरांवर झाडलेली साधी काळी नळी. तिच्यावर मी चांदीचा ड्रॅगन आणि पितळेच्या लाटा बसवायच्या, की ती सरदाराची बंदूक होते आणि एखाद्या गोऱ्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर जाते. जिंपाचीने आपल्या घरातल्या आणि भाऊबंदांच्या सगळ्या बंदुका विकल्या आहेत. नवी नळी कुणी मागत नाही. भट्टी थंड आहे, भात्यात उंदरांनी बाळंतपणं उरकलीत.

म्हातारा दिवसभर माझ्याशेजारी बसून बोलतो. लोखंडाची पट्टी सळईभोवती कशी वळायची, मग तिच्यावर दुसरी पट्टी तिरकी, कापलेल्या बोटाला चिंधी गुंडाळावी तशी कशी बसवायची, तापवून ठोकून दोन्ही एकजीव कशा करायच्या. बुडाला आटे पाडून पेच. तो पेच ढिला राहिला तर बार पुढे न जाता मागे येतो. आणि मागे असतो चेहरा. आपली बंदूक खांद्याला लावत नाहीत, लाकडी कुंद्यावर गाल टेकवतात. म्हणून प्रत्येक जुन्या कुंद्यावर गालाची जागा काळी, गुळगुळीत झालेली असते. म्हातारा म्हणाला, जिला गाल लावायचा तिच्यावर बायकोइतका विश्वास हवा. स्वयंपाकघरातून ओशिनाचा आवाज आला: "मामंजी, सासूबाई हे ऐकायला हव्या होत्या."

दोन खुंट्या काढून नळी कुंद्यातून उचलली, की खालच्या अंगाला करणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. कुणाच्या नजरेला न पडणारं. मी म्हटलं, क्योतोत आम्ही सही गिऱ्हाइकाची नजर आधी पडेल तिथे करतो. म्हातारा म्हणाला, की क्योतोकर, हे नाव गिऱ्हाइकासाठी नसतंच. लोखंड इतक्या वेळा विस्तवात जातं की आपण कुणाचे ते विसरतं, त्याला आठवण राहावी म्हणून. लोखंडाने नाव धरून ठेवलं तोवर माणूस आहे.

रोज सकाळी तो देव्हाऱ्यासमोर बसून गावातल्या सगळ्या मेलेल्या लोहारांची नावं एका दमात म्हणतो. शेवटचं नाव तोमेजी. तोवर माझा चहा थंडगार होतो. ही दुसरी तक्रार.

ऑक्टोबर ८

शिबाझाकीचं पत्र. त्याला आता नुसते ड्रॅगन पुरत नाहीत. कोबेत एक जाणकार गोरा आलाय, तो नळी उचलून खालचं नाव वाचून घेतो. तेव्हा ही गावठी नावं कानशीने घासून काढा आणि सगळीकडे ‘सेइझान’ कोरा. सेइझान नावाचा कुणी थोर लोहार होऊन गेला म्हणे. कुठे, कधी, ते शिबाझाकीलाच ठाऊक.

म्हाताऱ्याला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, विकलं ते विकलं, तांदूळ खाऊनही झाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, की दुसऱ्याचं नाव कोरणाऱ्याकडून लोखंड त्याचं स्वतःचं नाव मागून घेतं. थोडं थोडं. मी विचारलं, अनुभव? तर म्हणे, मी कधी कोरलं नाही, मला कुठला अनुभव.

दुपारपर्यंत तीन नळ्या घासल्या. नावं वाचली नाहीत. वाचून काय करायचं होतं?

ऑक्टोबर ११

जडाव छान जमतोय. खाच आतून रुंद, तोंडाशी अरुंद. चांदीची तार तीत ठोकली की आत पसरते आणि पुन्हा निघत नाही. खाली मात्र कानस, आणि मग ‘सेइझान’. कानशीचा कीस चटईवर साचतो, आणि ओशिना तो केरसुणीने लोटताना कुरकुरते की क्योतोच्या माणसाचा केरसुद्धा घरंदाज असतो, उचलायला बाईच लागते.

एक गंमत. आज म्हाताऱ्याची नावं म्हणून झाली तरी माझा चहा कोमट होता.

ऑक्टोबर १४

चहा गरम होता. जीभ पोळली.

म्हातारा मध्येच अडखळला. ओशिना म्हणाली, मामंजी, काल तर याहून बरीच म्हटलीत. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तीच त्याची चेष्टा करतेय. म्हणाला, एवढीच तर होती. गावात एवढेच लोहार होते. मग बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं.

वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. एकाहत्तर म्हणजे काही पोरवय नव्हे.

क्योतोच्या बहिणीला, ओकुमेला, गेल्या आठवड्यात सरोवरातल्या सुक्या मासळीचा पुडा आणि पत्र पाठवलं होतं. आज उत्तर आलं. लिहिते की आपली काहीतरी चूक झाली आहे, मला भाऊ नाही, आईवडिलांना मी एकटीच. मासळी मात्र चवीला चांगली होती म्हणून ठेवून घेतली. ओकुमे लहानपणापासून अशीच. गेल्या नववर्षाला मी तिच्या नवऱ्याच्या गाण्यावर बोललो होतो, त्याचा हा सूड.

सूडच असणार.

ऑक्टोबर १६

शिबाझाकी येऊन गेला. टोपी विलायती, मोजे विलायती, खोकला तेवढा इथला. त्याला एक बंदूक कमी पडते, ती कुठून आणायची यावर बोलत बसला असताना त्याची नजर आतल्या खोलीतल्या कोनाड्यात निळ्या फडक्यात गुंडाळलेल्या बंदुकीवर गेली. फडकं त्याने सोडलं. अशी नळी मी पाहिली नव्हती. आठही कडा सुतासारख्या, पृष्ठभाग पहाटेच्या पाण्यासारखा. त्या नळीवर रानहंस बसवावेत असं हाताला नुसतं वाटत राहिलं.

ती तोमेजीची. त्याने स्वतःचं नाव घातलेली पहिली आणि शेवटची नळी. इथे रिवाज असा, की नव्या नळीचा पहिला बार करणाऱ्यानेच काढायचा, दुप्पट दारू भरून, गाल टेकवून. बुडाचा पेच मागे आला. नळीला काही झालं नाही. म्हाताऱ्याने नवा पेच बसवला आणि ती घरातच ठेवली.

ओशिनाने शिबाझाकीच्या हातातून बंदूक घेतली आणि फार हळू आवाजात म्हणाली, की ही विकायची नाही, दादा. बाकीच्या न्या.

जाताना मला धक्क्यापर्यंत सोबत नेऊन शिबाझाकी म्हणाला, की आठ दिवसांत येतो. ती बंदूक नसेल तर सगळाच सौदा रद्द. म्हातारा उपाशी मरेल आणि ते पाप तुमच्या डोक्यावर.

परत आलो तर ओशिना आतल्या खोलीत होती. तिने कुंद्यावर, गालाच्या जागी, आपला गाल टेकवला होता. डोळे मिटलेले. मी खडावा हातात घेऊन उलटा फिरलो. नंतर पाहिलं, ती जागा ओली होती.

ऑक्टोबर १८

केलं.

दर महिन्याच्या या तारखेला दोघं तोमेजीच्या थडग्यावर फुलं घेऊन जातात. सकाळी दोघं गेली आणि मी फडकं सोडलं. स्वतःला पुष्कळ काही सांगितलं: सौदा मोडला तर दोघांच्या पोटाचं काय; बंदूक भिंतीवर तरी राहील, इथे ती गंजणार; नाव खाली आहे, कुणाला दिसतंय. खोटं बोलण्यात मी जडावाइतकाच तरबेज आहे. खरं कारण एवढंच की मला ती नळी हवी होती.

नाव दोन चित्राक्षरांचं. घाव अजून कोवळे. प्रत्येक अक्षराच्या शेवटी छिन्नी जरा थांबलेली, माणूस खूश असला की थांबतो तशी. या खेपेला वाचलं. तरी घासलं.

ती दोघं अपेक्षेपेक्षा लवकर परतली. फुलं हातातच होती. ओशिना दारात उभी राहून त्या फुलांकडे बघत होती. मला म्हणाली, इसाबुरोसान, आम्ही फुलं घेऊन निघालो कशाला होतो हो? अर्ध्या वाटेवर दोघांनाही आठवेना. मामंजी म्हणाले, परत जाऊ.

मग हसली. फुलं तिने पाण्यात ठेवली, माझ्या जेवणाच्या पाटाजवळ.

ऑक्टोबर १९

उघड्यावर बसून रानहंस बसवतोय. कुणी अडवत नाही. ओशिना दोनदा येऊन बघून गेली. किती सुरेख नळी म्हणाली, कुठून आणली? दिवसभर गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. क्षणभर वाटलं, मी हिचं भलंच केलं की काय.

संध्याकाळी मुळे उतरवता उतरवता ती एकदम खाली बसली आणि रडू लागली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, कळत नाही. कुणी मेलंय का, असं तिने मला विचारलं. आमच्यात कुणी मेलंय का?

म्हातारा देव्हाऱ्यातली मेलेल्या मुलाच्या नावाची पाटी हातात घेऊन बसलाय. पाटीचं लाकूड कोरं आहे. त्याच्या दाढीतून पाणी ठिबकतं आणि तो माझ्याकडे बघून ओशाळं हसतो. म्हणतो, क्योतोकर, म्हातारपणी डोळे गळतात बघ.

माणूस पुसला. दुःख तेवढं राहिलं, आणि त्याला आता जायला जागा नाही.

ऑक्टोबर २०

कुंद्यावरची गालाची जागा ओली आहे.

ओशिना आज त्या बंदुकीजवळ फिरकलीही नाही. मी पुसली. घोटभर चहा होईस्तोवर पुन्हा ओली. सरोवराची हवा, असं लिहिणार होतो. लिहिलं नाही.

गाल टेकवून पाहिला. भर दुपारी, उन्हात बसून.

लाकूड कोमट होतं. आणि दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी गाल टेकवला होता. धरायला काही नाही म्हणून टेकवला होता. मला हटवायला नव्हे — माझ्याकडे काही मागायलासुद्धा नव्हे —

ऑक्टोबर २१

तिला सांगितलं. सगळं. वही पुढे केली, तीन तारखेचं पान. तिने मोठ्याने वाचलं: ‘तिच्या नवऱ्याच्या.’ थांबली. मग पुढचं: ‘त्याचं नाव, जाऊन तीन वर्षं झाली.’ मधलं नाव तिने गाळलं. बोट ठेवून दाखवलं. तिची नजर बोटावरून घसरते. पुन्हा. पुन्हा.

म्हणाली, इथे काही लिहिलेलं नाही हो. आणि मग, सांभाळून: मला नवरा होता?

नको होतं हे विचारायला लावायला.

आज पाटावर वाट्या दोनच मांडल्या. म्हाताऱ्याची आणि तिची. मी आलो तेव्हा दचकली, तिसरी आणली. इसाबुरोसान म्हणाली नाही. पाहुणे म्हणाली.

ऑक्टोबर २२

सकाळी ते नाव मलाही आठवेना. वहीत बघितलं. अक्षरं दिसतात. वाचता येत नाहीत. काहीतरी नक्षी —

बाकीच्यांची नावं कुठेच नाहीत. मी ती वाचलीसुद्धा नव्हती. म्हातारा आज देव्हाऱ्यासमोर बसला, तोंड उघडलं, आणि पाणी पिऊन उठला. वाफाळता चहा माझ्या हातात.

शिबाझाकी परवा येणार.

नक्षी म्हणून कोरता येईल. जन्मात ड्रॅगन पाहिला नाही, तरी शेकड्याने कोरलेत. हेही तसंच. वही समोर ठेवून, रेघेला रेघ.

बदल्यात काय जाईल ते ठाऊक आहे. सेइझानने बरंचसं नेलंच आहे. ओकुमेने आधीच कळवलं होतं, मासळीची पोचही दिली होती.

ऑक्टोबर २३

कोरलं. दोन अक्षरं. शेवटी छिन्नी थांबवली, त्याने थांबवली होती तशी.

नळी कुंद्यात बसवली. खुंट्या घातल्या. निळं फडकं. कोनाडा. तिसरा हंस अर्धाच राहिला, त्याला तार नाही. राहू दे.

गालाची जागा कोरडी.

मग देव्हाऱ्याकडून म्हाताऱ्याचा आवाज. एकच नाव. पुन्हा तेच. आणि ओशिना — तसं रडणं मी ऐकलं नव्हतं. हातातली फुलं कुठे न्यायची हे कळलेल्या माणसाचं रडणं. बराच वेळ. चहा थंड झाला.

मी माझ्या कमरपट्ट्याची निळी चिंधी फाडून पट्टे वळले. अंगणात बसून. ती बाहेर आली, डोळे सुजलेले, मला पाहून वाकून नमस्कार केला, अनोळख्याला करतात तसा. कुणाकडे आलात, म्हणाली. मी काहीतरी बोललो. तिने माझ्या हातातल्या खडावा पाहिल्या.

"या तोमेजीच्या. तुमच्याकडे कशा?"

उसन्या घेतल्या होत्या म्हटलं. पट्टे नवे घातलेत.

पट्टा ओढून पाहिला तिने. म्हणाली, घट्ट आहे. चहा घेऊन जा, पाहुणे, एवढ्या लांबून आलात. आत गेली.

खडावा पायरीवर ठेवल्या. टोकं घराकडे, आत आलेल्या माणसाच्या असतात तशी. माझी एक खडाव आहे, धक्क्यापर्यंत पुरेल.

देणं फिटलं. तसं लिहून खाली सही करतो, म्हणजे पुढे कुणी वाचलं तर —

मी, क्योतोचा जडावकार